कामाच्या नावातला ‘ते’ आणि आमची छोटी सही

दोन-तीन वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या सभेत वक्त्याने प्रश्न टाकला, “आपला निधी जातो कुठे?” समोरून एका सुरात उत्तर आले, “खाल्ला!” टाळ्या पडल्या. आम्ही दोघे मागच्या रांगेत होतो. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. ते उत्तर खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. पण ते अर्धवट आहे, आणि त्या अर्धवटपणामुळे समाजाचे वर्षानुवर्षे नुकसान होत आहे, असे आमचे मत आहे.

आम्ही म्हणजे कोण, हे आधी सांगितले पाहिजे. आम्ही दोघे मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेत कारकून म्हणून लागलो. एक समाजकल्याण विभागात, दुसरा वित्त विभागात. एक आता निवृत्त आहे, दुसऱ्याची काही वर्षे बाकी आहेत. सेवेत असलेल्याला वर्तणूक नियम लागू असतात म्हणून नावे देत नाही. दोघेही वस्तीतलेच. दोघेही राखीव जागेवर लागलेले, आणि ते सांगताना आम्हाला कधी मान खाली घालावी लागलेली नाही. दोघांच्या नोकरीचा मोठा भाग अनुदानाच्या टेबलावर गेला.

अनुदानाचे टेबल म्हटले की लोकांना वाटते, इथे पैसे वाटतात. गावाकडे गेलो की चुलते अजूनही विचारतात, “बाबा, औंदा किती आले रं तुमच्याकडं?” जणू कपाटात गड्ड्या ठेवलेल्या आहेत. खरे तर त्या टेबलावर पैसा कधीच दिसत नाही. दिसतात ते शब्द. वरून तरतुदीचे पत्र येते, त्यात लेखाशीर्ष असते. मग कामांची यादी येते, अंदाजपत्रके येतात, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ग्रामपंचायतीला कार्यारंभ आदेश, पहिला हप्ता, मोजमाप पुस्तिका (आमच्याकडे सगळे ‘एमबी’ म्हणतात), शेवटचे देयक, पूर्णत्वाचा दाखला. या सगळ्याच्या शेवटी एक कागद असतो, उपयोगिता प्रमाणपत्र. निधी ज्या प्रयोजनासाठी मंजूर झाला त्याच प्रयोजनासाठी खर्च झाला, असे त्यात लिहिलेले असते. हा कागद वर गेल्याशिवाय पुढचा हप्ता येत नाही. म्हणून अख्खे कार्यालय त्या एका कागदामागे धावत असते. मोठी सही साहेबांची असते. टिपणीच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक छोटी सही असते, ती आमची.

आमच्या टेबलावरून जाणारा मोठा निधी म्हणजे अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाचा, ज्याला गावात अजूनही ‘दलित वस्ती’ म्हणतात. शिवाय जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातले २० टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्चायचे असतात, ग्रामपंचायतीला १५ टक्के. कागदावर ही व्यवस्था वाईट नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के आहे, आणि लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा हे तत्त्व १९७९-८० मध्ये विशेष घटक योजना आली तेव्हापासून मान्य झालेले आहे. मग अडते कुठे?

एक साधा प्रकार सांगतो. २० टक्के म्हणजे कशाचे २० टक्के? ‘स्वतःच्या उत्पन्नाचे’. स्वतःचे उत्पन्न कशाला म्हणायचे, हे ठरवणारा आकडा अंदाजपत्रक तयार होताना कुठल्या तरी टेबलावर लिहिला जातो. एका वर्षी आम्ही पाहिले की आधी बांधील खर्च वजा केला, मग उरलेल्याचे २० टक्के काढले. पेपरात बातमी आली, ‘समाजकल्याणसाठी २० टक्के तरतूद’. बातमी खोटी नव्हती. वित्त विभागात बसलेल्या आमच्यातल्या एकाने टिपणीवर हरकत लिहिली. ती टिपणी परत आली तेव्हा हरकतीचे पान बदललेले होते. तेव्हा संगणक नवीन आले होते. पान बदलणे फार सोपे झाले होते.

त्याच २० टक्क्यांतून शिलाई मशीन, पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, पाण्याची मोटार अशा वस्तू दिल्या जातात. पूर्वी कार्यालय वस्तू खरेदी करून वाटत असे, आणि त्या खरेदीत काय व्हायचे ते सांगायला नको. २०१६ च्या डिसेंबरपासून शासनाने थेट खात्यात पैसे देण्याचे धोरण आणले. भ्रष्टाचार थांबेल म्हणून आम्ही आनंदलो होतो. नियम असा आला की लाभार्थ्याने आधी स्वतःच्या पैशाने वस्तू विकत घ्यायची, पावती आणि फोटो द्यायचा, मग पैसे खात्यात जमा होणार. एक मावशी मंजुरीचे पत्र घेऊन आल्या. ऊसतोडीला जाणारे घर. म्हणाल्या, “साहेब, मशीन घ्यायला पैसे आस्ते तर तुमच्या दारात कशाला आले आस्ते?” त्यांना काय उत्तर द्यायचे? आम्ही म्हणालो, कुणाकडून उसने घ्या. त्यांनी घेतले की नाही आम्हाला माहीत नाही, पण त्यांची पावती आली नाही. त्या वर्षीच्या अहवालात त्यांच्या नावासमोर ‘लाभार्थी प्रतिसाद नाही’ असे आम्ही लिहिले, कारण त्या रकान्यात निवडीसाठी तेवढाच पर्याय होता.

आणि मार्च. ज्याने लेखा विभागात मार्च काढला नाही त्याला तो सांगून कळणार नाही. खरे तर जिल्हा परिषदेला जिल्हा नियोजनाचा निधी खर्च करायला पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंतची मुदत मिळते, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे. पण पहिले वर्ष याद्यांच्या भांडणात जाते. कोणत्या सदस्याच्या गटात किती कामे, कोणाच्या चिठ्ठीवर कोणते गाव, यात आठ-दहा महिने सहज उडतात. मग शेवटच्या फेब्रुवारीत सगळे जागे होतात. ३१ मार्चच्या रात्री डबे घेऊन बसायचे, कोषागाराची प्रणाली बंद होण्याआधी देयके चढवायची. त्या रात्री वस्तीत नाली हवी की दिवा हवा, हा प्रश्न कुणाच्याच डोक्यात नसतो. कुठलेही काम चालेल, पण पैसे परत जाऊ नयेत. आम्हीसुद्धा हेच म्हणायचो, आणि समाजाच्या भल्यासाठी म्हणतो आहोत असे आम्हाला मनापासून वाटायचे.

इथे बाबासाहेबांच्या एका पुस्तकाची आठवण काढणे भाग आहे, कारण आपल्याकडे ते पूजेत असते, वाचनात नसते. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. कोलंबिया विद्यापीठातल्या पीएचडीचा तो प्रबंध. विषय काय? वरच्या सरकारकडून खालच्या सरकारकडे पैसा कसा येतो, हा. म्हणजे आमच्या टेबलाचाच विषय. लॉर्ड मेयोने १८७० मध्ये प्रांतांना ठरावीक खात्यांसाठी ठोक रकमा नेमून देण्याची पद्धत आणली. त्याआधी प्रांतांची न खर्चलेली रक्कम मध्यवर्ती तिजोरीत जात असे. त्यामुळे काटकसर करणाऱ्याचा तोटा आणि ओरबाडणाऱ्याचा फायदा. मेयोच्या पद्धतीत शिल्लक प्रांताकडेच राहू लागली. पण बाबासाहेब तिथे थांबत नाहीत. प्रांताला अर्थसंकल्प नावाचा कागद मिळाला, अधिकार मात्र वरच राहिला, हे ते एकेका टप्प्यावर दाखवत जातात. आमच्यातल्या एकाने हे पुस्तक चाळिशीनंतर वाचले. वाचताना तो दर चार पानांनी म्हणत होता, अरे, हे तर आपल्या बीडीएसचे चालले आहे! दीडशे वर्षांपूर्वी साम्राज्य सरकारला जे कळले होते, शिल्लक बुडवली की उधळपट्टी वाढते, ते आमच्या वस्तीच्या निधीला अजून लागू व्हायचे आहे. तेलंगणने २०१७ च्या कायद्यात अखर्चित रकमेची भरपाई पुढच्या वर्षी करण्याची तरतूद केली. महाराष्ट्रात असा कायदा करा, ही मागणी आपली चळवळ किती वर्षे करते आहे. उलट इथे मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचा ४१० कोटींहून अधिक निधी दुसऱ्याच योजनेकडे वळवल्यावर त्या खात्याच्या मंत्र्यांनाच जाहीर नाराजी व्यक्त करावी लागली.

असो. मोठ्या आकड्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हाला एका १४० मीटरच्या रस्त्याबद्दल सांगायचे आहे.

गावाचे नाव सांगत नाही. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे वस्ती. पावसाळ्यात वस्तीतल्या पोरांना चपला हातात घेऊन शाळेत यावे लागते. एका फेब्रुवारीत त्या ग्रामपंचायतीचा प्रस्ताव आला, ‘मारुती मंदिर ते ओढा रस्ता काँक्रिटीकरण’, ५ लाख रुपये, वस्ती विकासाच्या निधीतून. समाजकल्याणातल्या आमच्या माणसाने शेरा मारून परत पाठवला: वस्तीचा उल्लेख नाही. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक धापा टाकत आला. भला माणूस, तीन गावांचा कारभार अंगावर. “भाऊसाहेब, निधी परत जाईल हो. सांगा ना, काय करू?” आमचा माणूस म्हणाला, “रस्ता वस्तीपर्यंत जातो ना? मग नाव तिथून सुरू करा.” त्याने तिथेच बसून नवे नाव लिहिले, ‘बौद्ध वस्ती ते मारुती मंदिर रस्ता काँक्रिटीकरण’. शेरा निघाला. यादीत नाव टंकले गेले. खाली छोटी सही.

काम मंदिरापासून सुरू झाले. १४० मीटर रस्ता झाला, माजी सरपंचांच्या वाड्यासमोरून ओढ्याच्या बरेच अलीकडे येऊन थांबला. पैसे संपले. वस्ती आणखी १६० मीटर पुढे. एमबीत १४० मीटर नोंदले होते आणि जागेवर १४० मीटरच होते. सिमेंटचे एक पोतेही इकडचे तिकडे झाले नव्हते. लेखापरीक्षणात आक्षेप नाही. उपयोगिता प्रमाणपत्र गेले. ते तयार करताना आम्हा दोघांपैकी कुणालाही काही खटकले नाही, हे कबूल केले पाहिजे.

दीडेक वर्षाने त्या वस्तीतला एक पोरगा माहिती अधिकारात मिळालेला कागद घेऊन आला. डी.एड. करून घरी बसलेला. त्याने ‘जय भीम’ घातला, आमच्या टेबलावरचा बाबासाहेबांचा फोटो पाहिला आणि म्हणाला, “सर, आमच्या वस्तीत रस्ता झालाय असं यात लिहिलंय. मी वस्तीतच राहतो. मला दिसंना.” टोमणा नव्हता त्यात. त्याला वाटले, फोटो आहे म्हणजे आपला माणूस आहे, समजावून सांगेल.

आम्ही त्याला दोन प्रकारे वाटेला लावू शकलो असतो. बांधकाम विभागाकडे जा, असे सांगून मोकळे होता आले असते. कार्यालयात माणसाला फिरवण्याची कला आम्हाला चांगली येते. किंवा त्याच्यासोबत चिडून, “खाल्ला बघ त्यांनी,” असे म्हणता आले असते. त्या दिवशी आम्ही त्याला चहाला बाहेर नेले आणि खरे ते सांगितले. कुणी खाल्ले नाही. कामाच्या नावात ‘ते’ आहे, आणि ‘ते’ असले की काम कोणत्या टोकापासून सुरू करायचे हे गावात ज्याचे वजन असेल तो ठरवतो. ‘वस्ती ते मंदिर’ काय आणि ‘मंदिर ते वस्ती’ काय, अंदाजपत्रकात लांबी तेवढीच भरते. मग हेही सांगितले की हे नाव कुणाच्या टेबलावर बसून लिहिले गेले. तो थोडा वेळ बोलला नाही. चहा अर्धा ठेवून म्हणाला, “म्हणजे तुम्हीच.”

त्याने तक्रार केली. कशाच्या नकला मागायच्या ते आम्ही त्याला सांगितले होते: एमबी, स्थळदर्शक नकाशा, ग्रामसभेचा ठराव. चौकशी झाली. अहवाल आला, काम मंजूर नावाप्रमाणे झाले आहे, सबब तक्रारीत तथ्य नाही. आमच्यातल्या एकाचे टेबल बदलून आवक-जावकला गेले. कागद बाहेर जातात असा संशय होता, आणि संशय बरोबरच होता. पुढे त्या वस्तीची पाळी पुन्हा आली तेव्हा त्यांनी स्वतःच्याच नव्या निधीतून उरलेले १६० मीटर करून घेतले. त्या पैशात खरे तर नाली आणि दिवे व्हायचे होते. एकाच रस्त्यासाठी वस्तीने दोनदा पैसे मोजले, पहिल्यांदा गावासाठी, दुसऱ्यांदा स्वतःसाठी.

यावर आमचे काही मित्र म्हणतात, तुम्ही उगाच स्वतःला दोष देता. गावातली सत्ता जातीची आहे, कारकुनाने काय करायचे? सत्ता जातीची आहे यात वादच नाही. बाबासाहेबांनी १९३२ साली मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकाला विरोध केला तो याचमुळे, आणि १९४८ मध्ये संविधान सभेतही खेड्याच्या गौरवीकरणाचे त्यांनी वाभाडे काढले. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पैसा त्याच खेड्याच्या हातात आला. १४ व्या वित्त आयोगाचा तर सगळा ग्रामपंचायतीलाच, १५ व्याचा आपल्या राज्यात ८० टक्के. पण जातीची सत्ता टेबलावर येते तेव्हा दांडा घेऊन येत नाही. ती धापा टाकत येते, “भाऊसाहेब, निधी परत जाईल हो” म्हणते, आणि आपल्याच माणसाकडून दुरुस्ती करून घेते. आपला माणूस खुर्चीवर बसला की प्रश्न सुटला, असे समजून आपण फार वर्षे काढली. आम्ही खुर्चीवर होतो. फोटोही होता.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो. २०२० च्या डिसेंबरात शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलायचा निर्णय घेतला. ‘वाडा’ जाऊन भीमनगर, समतानगर, क्रांतीनगर आले. चांगले झाले, आमचा त्याला पाठिंबाच आहे. पण पुढच्याच वर्षी एका गावाच्या प्रस्तावात गावाबाहेरच्या नव्या प्लॉटिंगलाही ‘समतानगर’ म्हटलेले आम्ही पाहिले. यादी वाचणाऱ्याला काय कळणार, कोणते समतानगर? म्हणून नावासोबत नकाशा जोडल्याशिवाय, वस्तीतल्या एखाद्या ठरलेल्या खुणेचा उल्लेख असल्याशिवाय फाईल पुढे सरकवायची नाही, असे आमच्यातला जो नोकरीत आहे तो आता करतो. ‘वस्तीअंतर्गत’ असे लिहून घेतो. रस्ता असेल तर शून्य मीटर विहाराच्या पायरीपासून. यावरून त्याची वर्षाला दोन-तीनदा खरडपट्टी निघते.

निवृत्त झालेला महिन्यातून एक रविवार तालुक्यातल्या विहारात बसतो. वंदना झाली की कामांच्या याद्या वाचायला शिकवतो. लोक कमी येतात, खरे सांगायचे तर दहा-बारा. जयंतीच्या मिरवणुकीला त्याच विहारासमोर हजार माणूस असतो. पण त्या दहा-बारांत बायका जास्त आहेत, आणि त्यांना शब्द लवकर कळतात. गेल्या खेपेला एका आक्कांनी यादीत बोट ठेवून विचारले, “ह्ये ‘परिसर’ म्हंजे कुठवर वो?” काम होते ‘भीमनगर परिसरात पेव्हर ब्लॉक बसवणे’. आम्ही त्यांना म्हणालो, हाच प्रश्न लेखी द्या, ग्रामसभेच्या आधी, आणि पोच घ्या. त्यांनी पोरीकडून अर्ज लिहून घेतला. ग्रामसेवकाने पोच द्यायला टाळाटाळ केली तेव्हा त्या कार्यालयाच्या ओट्यावर दुपारभर बसून राहिल्या. पोच मिळाली.

तो डी.एड. झालेला पोरगाही येतो. आता त्या रविवारी अर्धा वेळ तोच शिकवतो. आमच्याशी तो अजून जरा अंतर ठेवूनच बोलतो. त्याच्या गावाच्या पाच वर्षांच्या बृहत् आराखड्याची प्रत त्याच्याकडे आहे, वस्तीतली नाली त्यात चौथ्या क्रमांकावर आहे, आणि पुढच्या यादीचा प्रस्ताव या महिन्यात पंचायत समितीत जाणार आहे. त्याने आम्हाला निरोप दिला आहे की नाव अंतिम होण्याआधी एकदा दाखवा.

जय भीम.